लेकीच्या गावचं पाणी

बोरटेक, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला
१८ फेब्रुवारी १९६५

दादा,

पायांवर डोकं ठेवते. पाय मागे घ्यायचे की नाही ते तू ठरव.

तुझं घर माझ्या ओट्यावरून दिसतं. सकाळी वहिनी अंगणात सडा टाकते तोही दिसतो. तरी हे पत्र आधी मूर्तिजापूरला जाईल, तिथून छोट्या गाडीनं दर्यापूरला, आणि मग तुमच्या पोस्टमनच्या सायकलवर बसून कवठळीत येईल. मधे फक्त पूर्णा आहे आणि तिच्यात सध्या गुडघाभरही पाणी नाही. चालत आले असते. पण परवा तुमच्या गावची माणसं विहिरीवरून आपलं इंजिन उचलून बैलगाडीवर चढवत होती, मी काठावर उभी होते, आणि तू पलीकडच्या काठावर पाठ करून उभा होतास. पाठीशी बोलता येत नाही म्हणून लिहिते.

‘आपलं इंजिन’ असं लिहून गेले. तुमचं म्हणायला हवं. सवय झाली होती.

मी असं काय मोठं बोलले? आमच्या पंचायत समितीचे सभापती आले होते, मांडव घातला होता. दोन गावं, तीही दोन जिल्ह्यांतली, आपसात मिळून पाण्याची सोय करतात हे त्यांना बघायचं होतं. पंचायतीत बायांसाठी म्हणून जी जागा असते तिच्यावर मी आहे, तर मलाही चार शब्द बोला म्हणाले. मी म्हणाले, आमची विहीर गोडी आहे, कवठळीची सारी जमीन खारी, म्हणून आम्ही कवठळीला पाणी देतो. यात खोटं काय आहे? इंजिन तुमचं आहे हेही मी सांगणार होते, पण तेवढ्यात टाळ्या वाजल्या आणि खुशालरावांनी हार पुढे केले.

किती खटपटीनं जमलं होतं ते तू विसरला नसशील. तुमच्या पंचायतीनं इंजिन घेतलं, गावातली विहीर खोल केली, तर खाली आणखी खारं पाणी लागलं. इंजिन चावडीत पोत्याखाली झाकून राहिलं. इकडे आमच्या काठावरच्या विहिरीत गोडं पाणी भरून होतं, पण हातानं ओढता ओढता बायांचे खांदे उतरत होते. अकोल्याकडचे साहेब म्हणाले, जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे पाइप टाकायला नियम नाही. अमरावतीकडचेही तेच म्हणाले आणि वर हेही म्हणाले की आपसात केलंत तर कोणी अडवणार नाही. मग तू कवठळीचा सरपंच म्हणून आणि खुशालराव आमचे सरपंच म्हणून नदीच्या वाळूत बसून बोललात. इंजिन कवठळीचं, विहीर बोरटेकची. डिझेल पाळीनं. पाइप पुराआधी दोघांनी उचलायचे आणि दिवाळी झाली की दोघांनी पुन्हा टाकायचे. हौदातून सांडलेल्या पाण्यावर वांग्या-मिरच्यांच्या रोपांचे वाफे करायचे आणि रोपं दोन्ही गावच्या मळ्यांना वाटायची. एवढं सगळं एका वाक्यासाठी गाडीवर चढवून नेलंत.

काल मायसाठी घागर पाठवली होती. तुझ्या गड्यानं ती दारातूनच परत दिली. सांडून रिकामी आली असती तर तू रागात आहेस असं समजले असते. ती भरलेली आली. तोंडाला बांधलेलं फडकंसुद्धा मी बांधलं होतं तसंच होतं.

मायला काय पाजता आहात सध्या?

मैना

---

बोरटेक
१४ मार्च १९६५

दादा,

तुझं कार्ड आलं. पत्ता मोठ्या अक्षरात आणि मजकूर एका ओळीचा. ‘मायची डाळ शिजत नाही, बाकी ठीक.’

खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही हे कवठळीच्या लेकीला सांगावं लागत नाही. तू आणि मी पातळ वरणातले टणक दाणे दाताखाली फोडत मोठे झालो. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा पहिल्या दिवशी चुलीवर डाळ ठेवली आणि कवठळीच्या हिशेबानं शिजवत बसले, तर तिचा लगदा झाला. सासू म्हणाली, "पोरीले सैपाक येत नाई वाट्टे." मला येत होता. मला गोडं पाणी माहीत नव्हतं. पण आपल्याला तेव्हा दात होते, दादा. मायच्या तोंडात आता एकही नाही, आणि तूही ते जाणूनच ती ओळ लिहिलीस.

आता इकडचं सांगते. इंजिन गेल्यापासून आम्ही पुन्हा दोरावर आलो. विहीर भरून आहे आणि घागर मात्र वर यायला रडते. रोपांचे वाफे वाळले. सकाळी विहिरीवर सगळ्या माझी वाट बघत असतात. परवा मनकर्णाबाई दोर ओढता ओढता थांबली आणि म्हणाली, "मैनाबाई, तुमी अख्ख्या कवठळीले पानी पाजलं. आता आमच्या घागरी तेवढ्या भरून द्या."

माणिकबाई म्हणाली, "त्यायले कायले सांगतं वं? त्यायचं भाषन संपाचं हाय अजून."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मनकर्णाबाईची घागर ओढून दिली.

म्हणजे तुला कळलंच. मी ‘देतो’ म्हणाले नव्हते. ‘आमी कवठळीले पानी पाजतो’ असं म्हणाले. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं, आणि तेही मांडवात समोर बसलेल्या माणसाला. ते लिहिताना मला काय वाटलं असेल ते आता मलाच सांगता येत नाही. कदाचित कागदावर दुसरा शब्द लिहिला की तोच खरा होईल असं.

पाजणं हा वाईट शब्द आहे का? आई लेकराला पाजते. आजाऱ्याला चमच्यानं पाणी पाजतात. पण गोठ्यातल्या जनावरालाही पाणी पाजतात, आणि कुस्तीत पाठ लावली, कोर्टात हरवलं, तरी पाणी पाजलं म्हणतात. मांडवातली माणसं ह्या शेवटच्या अर्थानं हसली. सभापतींनीसुद्धा मान मागे टाकून हसून घेतलं.

कवठळीला तो शब्द का लागला हे मला समजतं. तुमच्या म्हाताऱ्यांनी आधीच अडचण काढली होती. आपल्या गावच्या इतक्या लेकी बोरटेकला दिलेल्या, लेकीच्या गावचं पाणी आपण कसं प्यायचं? आपण द्यायचं, घ्यायचं नाही. तेव्हा तूच चावडीत उभा राहून म्हणाला होतास, "पानी तिकडचं असंन, पन वढते आपलं इंजिन. आपल्या इंजिनानं वढलेलं पानी आपलंच." तेवढ्या एका बोलण्यावर सगळी कवठळी पाणी प्यायला लागली. आणि मी मांडवात, त्याच म्हाताऱ्यांसमोर, ते बोलणं खाली पाडलं.

पण तोंडातून सुटलं रे. मला कुठे बोलायची सवय आहे?

मैना

---

बोरटेक
११ एप्रिल १९६५

दादा,

तोंडातून सुटलं असं मी लिहिलं होतं. तेही खरं नाही.

सभेच्या आदल्या दिवशी दुपारी मी मेथी निवडत होते आणि भाषण मनाशी म्हणून बघत होते. तुझे मेहुणे बाजेवर पडले होते. त्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "देतो मन. पाजतो बरं नाई दिसत."

मी म्हणाले, "देतो मनलं तं कोनाच्या ध्यानात राहीन?"

ते म्हणाले, "पाजतो मनलं तं राहीनच." आणि कूस बदलली.

म्हणजे मला आधीच सांगितलेलं होतं. सावधपणे, घरच्या माणसानं. तरी मी तोच शब्द ठेवला. हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही, आणि तुझ्या मेहुण्यांनीही नंतर एका शब्दानं मला टोचलं नाही. त्यांनी टोचलं असतं तर बरं झालं असतं.

तो शब्द मला का हवा होता, हे सांगायचा प्रयत्न करते.

बाबा माझ्याकडे यायचे ते तुला आठवतात? नदी उतरून, धोतर वर खोचून. हातात फिरकीचा तांब्या. त्यात कवठळीचं पाणी. ओट्यावर बसायचे, घरात येत नसत. माझ्या घरात माठ भरून गोडं पाणी, आणि माझा बाप उन्हातून येऊन माझ्या दारात बसून स्वतःच्या तांब्यातलं खारं पाणी प्यायचा. पहिली काही वर्षं म्हणायचे, "नातवाचं तोंड पाहू दे, मंग तुया घरचं पोटभर पेतो." लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं खायचं-प्यायचं नाही, ही रीत काही त्यांनी काढली नव्हती. मी रागावायचे नाही. पुढे पुढे त्यांनी ते म्हणायचं सोडून दिलं. ओट्यावर बसायचे, फिरकी उघडायचे, प्यायचे, फिरकी लावायचे. म्हणायचं सोडलं तेव्हा मला जास्त लागलं. मग ते गेले.

मायनंही कधी माझ्याकडचं पाणी घेतलं नाही. आणि मग तुमचं इंजिन आमच्या विहिरीवर बसलं, पाइप वाळूतून पलीकडे गेले, आणि पहिल्या दिवशी पाणी कवठळीत पडलं तेव्हा सगळ्यांच्या आधी मायनं ओंजळ धरली. मी ह्या काठावरून बघत होते. एवढ्या लांबून तोंड दिसत नाही. पण हात वर गेलेले दिसले. दादा, माझी माय माझ्या गावचं पाणी प्याली. ‘आपल्या इंजिनानं वढलेलं पानी आपलंच’ ही पळवाट तू गावासाठी काढलीस की माझ्यासाठी, हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारायचं तोंड राहिलं नाही.

मला मांडवात बहुधा तेच सांगायचं होतं. माझ्या मायला मी पाजते. पदरात लेकरू नाही, तर मायला तरी. पण हे चार लोकांत म्हणायला छाती लागते. ती नव्हती. म्हणून मायच्या जागी कवठळी घातली, आणि ‘मी’च्या जागी ‘आम्ही’.

इथपर्यंत लिहून थांबले असते तर तुला माझी कीव आली असती. ती घेऊ नको. कारण यापुढचं राहिलंय. मांडव हसला तेव्हा मला ते आवडलं. मी पुढचं वाक्य लगेच बोलू शकले असते, इंजिन तुमचं आहे ते. मी बोलले नाही. हसू पुरं होईपर्यंत थांबले. मी तुझ्याकडे बघितलं. तू पायाजवळच्या सतरंजीचा दोरा ओढत खाली बघत होतास. लहानपणी बाबा रागावले की तू असाच खाली बघायचास. मी ते बघितलं आणि तरी थांबले.

गेल्या उन्हाळ्यात वहिनी हसत हसत म्हणाली होती, "मैनावन्स, तुमच्यामुळं आमच्या घरी वरन शिजून राहिलं." ती प्रेमानं म्हणाली होती. मी मात्र ते वर्षभर कुरवाळत बसले. माझ्यामुळं. जणू विहीर मी खणली आणि त्यातला झरा मी आणला.

मायला हे वाचून दाखवू नको.

मैना

---

बोरटेक
२८ एप्रिल १९६५

दादा,

काल पंचायतीची सभा झाली. मी विषय काढला. कवठळीनं इंजिन नेलं ते माझ्या बोलण्यामुळे नेलं, तेव्हा पंचायतीनं चूक कबूल करावी आणि इंजिन मागावं.

खुशालरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, झालं ते झालं. पानी आपलं, अन् मागाचं बी आपूनच?"

आमचे एक मेंबर म्हणाले, "मूर्तिजापूरवून भाड्याचं इंजिन आनू. त्यायचं खारं त्यायले."

मी म्हटलं, आणा. पण मग वाळूतले पाइप? निम्मे त्यांचे आहेत, आणि पुराआधी उचलायला निम्मे हात त्यांचे असतात. भाड्याच्या इंजिनाला हात येत नाहीत. आणि ते इंजिन बिघडलं तर? गेल्या वर्षी कवठळीच्या इंजिनाचा पट्टा तुटला तेव्हा कवठळीची माणसं पट्टा आणायला दर्यापूरला पळाली आणि आपली माणसं मूर्तिजापूरला. ज्याला आधी मिळाला त्याचा बसवला. एका गावाला दोन बाजार होते. आता एकच राहील.

मग खुशालराव मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "तुमाले जाचंच असंन तं अखाजीले जा. लेक मनून जा. भाऊ काई घराभायेर काढनार नाई. मेंबर मनून कायले जाता?"

मी म्हणाले, "बोलली मेंबर, अन् माफी मागाले लेक पाठोता?"

दादा, मी पंचायतीत इतकी वर्षं बसते. माझ्या म्हणण्यावर सभा गप्प झाली असं हे पहिल्यांदाच घडलं, आणि त्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. खुशालरावांनी टोपी घातली, पुन्हा काढली. शेवटी म्हणाले, "बरं. बोला काय बोलाचं ते. मी तुमच्या मांगं उभा राहीन. पन मी तोंड उघडनार नाई, आधीच सांगून ठेवतो."

तेव्हा अक्षय्य तृतीयेला, अखाजीला, येते आहे. दर वर्षी तू न्यायला यायचास. या वर्षी बोलावणं नाही, तरी येते. तू समोर असावास असा माझा हट्ट नाही. खरं सांगायचं तर नसलास तर बोलणं सोपं जाईल, आणि मला ते सोपं जाऊ नये असंही वाटतं.

मैना

---

बोरटेक
मे १९६५, अखाजी झाल्यावर

दादा,

अखाजीला आपण एका पंगतीत जेवलो आणि एकमेकांशी धड बोललो नाही. म्हणून पुन्हा हा लांबचा रस्ता. मूर्तिजापूर, छोटी गाडी, दर्यापूर, सायकल.

मी चावडीत बोलले तेव्हा तू तिथे नव्हतास. बाबांच्या नावानं पितराची घागर भरून मांडायची होती, असं वहिनीनं सांगितलं. तुला ते दुसऱ्यांच्या तोंडून कळलंच असेल, पण मी खोटं लिहिण्याबद्दल नाव कमावलेलं आहे, तेव्हा एकदा खरं लिहून पाठवते.

नदी उतरताना वाळू तापली होती. माझ्या कडेवर रिकामी घागर. ती का घेतली ते मला नीट सांगता येणार नाही. भरलेली घेऊन यायची हिंमत नव्हती, आणि हात रिकामे ठेवून येववेना. मागे खुशालराव, अंगरख्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

चावडीपुढच्या निंबाखाली सगळे जेवणाची वाट बघत बसले होते. मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाले, "मी बोरटेकच्या पंचायतीची मेंबर. मांडवात जे बोलले ते ठरवून बोलले. आमची इहीर भरून हाय अन् आमाले वढता येत नाई. इंजिन घेऊन या. आमाले पानी पाजा."

तोच शब्द. दुसरा कुठला वापरला असता तर मी पुन्हा पळाले असते.

मग चिंतामणबुवा कानामागे हात लावून म्हणाले, "कोन व्हय? शेषरावची मैना? पुन्यांदा मन बरं. मले ऐकाले कमी येते."

त्यांना चांगलं ऐकू येतं. लहानपणी त्यांच्या बोरीवर दगड मारला की घरातून ओळखायचे कोणी मारला. मी पुन्हा म्हणाले. आवाज मोठा करून म्हणाले. "आमाले पानी पाजा."

बुवा म्हणाले, "काहून वं? आता काहून घसा सुकला?"

सगळे हसले. मांडवात हसले होते तसेच. फक्त या वेळी ते हसू माझ्यावर होतं, आणि मी ते संपेपर्यंत उभी राहिले. तेवढं मला करता येत होतं. मान वर होती असं नाही. मी घागरीच्या काठाकडे बघत होते, आणि एकदम लक्षात आलं, हे तुझंच खाली बघणं आहे.

हसू थांबत आलं तेव्हा मागून खुशालराव म्हणाले, "अन् मले बी पाजा, बाप्पा. उन्हाचा आलो मी."

ते तोंड उघडणार नव्हते. त्यावर सगळे पुन्हा हसले, पण ते हसू वेगळं होतं. कोणीतरी त्यांना तांब्या दिला. त्यांनी कवठळीचं खारं पाणी घटाघटा पिऊन तांब्या पालथा घातला आणि तोंड वाकडं होऊ दिलं नाही. चिंतामणबुवा म्हणाले, "कसं लागलं?" खुशालराव म्हणाले, "पानी हाय, बुवा. कसं लागन?" मग बुवांनी त्यांना सतरंजीवर बसायला जागा करून दिली. मला म्हणाले, "जाय घरी. तुई माय वाट पाहून राहिली. पंचायतीचं पंचायत पाहीन."

एवढं चावडीतलं. पुढचं तुझ्या घरातलं, ते तू पाहिलंस. पण मी काय पाहिलं ते तुला माहीत नाही.

माय दारात होती. माझ्या कडेवरची घागर बघून म्हणाली, "अखाजीच्या दिशी रिकामी घागर घेऊन आली? हेच शिकवलं का तुले?" ती माझ्या हातातून घेतली, वळचणीखाली उभी केली आणि आतून तांब्या आणला. मी तोंडाला लावताना जीभ आवरून घेतली. खाऱ्या पाण्यासाठी आपण लहानपणी घ्यायचो तशी.

ते गोडं होतं.

मी मायकडे बघितलं. तिनं कोपऱ्याकडे मान केली. तिथं बाबांची घागर मांडलेली होती, वर खरबूज, बाजूला चिंचवणीची वाटी. "त्यायची घागर भरून उरलेलं हाय," माय म्हणाली. "पे."

मला वाटलं कुणाकडून तरी विकत आणलं असेल. वहिनी चुलीपुढून उठून आली आणि हळूच म्हणाली, "सकाळीच नदी उतरून गेले होते, कोनी इहिरीवर येच्या आंधी. मले मने, गेल्या साली बुढ्याले गोडं पाजलं. आता पुन्यांदा खारं कसं पाजू?"

मी त्या सकाळी उशिरा विहिरीवर गेले होते. कठड्यावर ओल होती. मनकर्णाबाई लवकर येऊन गेली असेल असं समजले.

गेल्या वर्षी इंजिन होतं, दादा. आपलं इंजिन, आपलं पाणी. या वर्षी तुझ्यापाशी कसलीच पळवाट नव्हती. तू सरळ माझ्या गावच्या विहिरीतून हातानं पाणी ओढलंस आणि बाबांपुढे ठेवलंस. तू पंगतीत वाढायला वाकलास तेव्हा तुझ्या तळव्यावर दोराचा लाल वळ दिसला. इंजिन आल्यापासून तुझी दोराची सवय गेली होती. तू म्हणालास, "वरन घे." मी घेतलं. डाळीचे दाणे टणक होते. मायच्या ताटात वहिनीनं ते वाटीच्या बुडानं ठेचून दिले.

त्याआधी, मी पिऊन झाल्यावर, मायनं माझ्या हातातला तांब्या घेतला आणि उरलेलं पाणी स्वतः प्याली. मी तिच्याकडे बघतच राहिले. ती म्हणाली, "पाहतं काय? तुया बाप प्याला. मी त्याच्याहून मोठी लागून गेली काय?"

नातवाचं नाव तिनं काढलं नाही. मला वाटतं ते ती विसरली नव्हती. तिनं फक्त बाजूला ठेवलं.

तुमच्या पंचायतीचा निरोप काल खुशालरावांना मिळाला. इंजिन आणतो, पण नवा ठराव लिहा, आणि त्यात ‘पाजणे’ तर नकोच, ‘देणे’ही नको. लिहायला मलाच बसवलं. तो मान होता की शिक्षा ते खुशालरावांच्या तोंडावरून कळलं नाही. मी लिहिलं, ‘बोरटेक व कवठळी ही गावे एका विहिरीचे पाणी पितात.’ त्याखाली इंजिन, डिझेल, पाइप, रोपं, सगळं पूर्वीसारखं. खुशालरावांनी वरचं वाक्य दोनदा वाचलं आणि म्हणाले, "यात कोन देते तेच नाई." मी म्हटलं, नाही.

हे वाक्य मी फेब्रुवारीत मांडवात म्हटलं असतं तर कोणी हसलं नसतं, कोणाच्या ध्यानातही राहिलं नसतं. लिहिल्यावर मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. लाज गेलेली नाही. मनकर्णाबाई अजून घागर पुढे करून ‘पाजा’ म्हणते, आणि म्हणेल. तिच्या खांद्याचा हिशेब माझ्याकडेच आहे. नदीवरून तुमच्या बायकांच्या हाका आल्या की मी अजून ओट्यावरून आत जाते. वर्षभर तरी जाईन.

पाइप महिन्याभरात पुराआधी उचलायचेच आहेत, तरी खुशालराव म्हणतात, इंजिन बसवू. पहिलं डिझेल आमचं. इंजिन गाडीवर चढवाल तेव्हा पट्टा आठवणीनं घ्या. पोत्याखाली राहून जातो.

आणि वहिनीला सांग, इंजिन येईल त्या दिवशी मायची डाळ रात्रीपासून भिजत घालू नको. लागणार नाही.

मैना